क्वेमो मत्रेदुबानीतली संकष्टी

वहीत मी लिहिलं होतं: नऊची मार्शरुत्का,
अकराला वाइनरी, एकला जेवण, चारला परत.
चौकटीच्या कागदावर सगळंच सोपं दिसतं.

मार्शरुत्का म्हणजे आपली वडापच,
भरल्याशिवाय हलत नाही.
ती भरली पावणेअकराला:
कांद्याची दोन पोती, एक कोंबडा,
आणि सोन्याच्या दातांच्या तीन बायका,
ज्यांनी कुमुदताईच्या बांगड्या
एकेक फिरवून पाहिल्या, भाव विचारला.

घाट चढताना ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली,
अगदी सहज,
"आज संकष्टी आहे. माहितीये ना?"

नव्हतं माहीत.
तिबिलिसीतल्या हवामानाचे दहा दिवस पाहिले होते मी,
पंचांगाचा एक नव्हता पाहिला.

ड्रायव्हरने उतरवलं क्वेमो मत्रेदुबानीत.
वाइनरी होती झेमो मत्रेदुबानीत.
झेमो म्हणजे वरचं, क्वेमो म्हणजे खालचं.
बुद्रुक आणि खुर्द!
अर्धं आयुष्य त्या पाट्या वाचण्यात गेलं
आणि अक्कल आली ती इथे,
सहा किलोमीटर चढ समोर दिसल्यावर.

ताईच्या पायात लग्नकार्यातल्या चपला.
"वाइनरी म्हटल्यावर मला वाटलं, जरा बरं काहीतरी घालावं."
बाकी ती काही बोलली नाही.
ते जास्त लागलं.

वर फाटकाला कुलूप.
आत एक कुत्रं, तेही कंटाळलेलं;
दोनदा भुंकलं आणि कर्तव्य संपवून झोपलं.
फोन करून यायचं असतं हे
मला तिथे उभी राहिल्यावर सुचलं.

शेजारचा नुगझार शिडीवरून उतरला,
खिशात अंजिरं, तोंडात खिळा.
हातांनी बाळ जोजवलं, डोक्यावर पाणी शिंपडलं,
तेलावीच्या दिशेने बोट केलं.
बारसं. मालक उद्या येणार.
मग आमच्या चपलांकडे बघून
स्वतःच्या घराचं दार उघडलं.

त्याच्या तळघरात जमिनीत रांजण,
गळ्यापर्यंत पुरलेले.
"पेव गं," ताई वाकून म्हणाली, "आपल्या आजोळी होतं तसं."
त्याने भोपळ्याच्या ओगराळ्याने काढली ती वाइन,
गुळाच्या पाण्याच्या रंगाची.

ताईने हात जोडले. उपास.
हा शब्द हातांनी कसा सांगायचा?
पोट, नको, वर आकाश, देव.
नुगझारच्या बायकोला, त्सियालाला, झटकन कळलं.
"मार्ख्वा!" म्हणाली आणि क्रूसाची खूण केली;
त्यांच्यातही असतात.
नुगझारने वेलीकडे बोट दाखवलं, मग पेल्याकडे.
द्राक्षं आहेत. नुसती द्राक्षं.

ताईने विचार केला. खरंच केला.
"द्राक्षं चालतात म्हणा," ती मला म्हणाली,
"पण अशी पुरून ठेवलेली नव्हे."

चारची गाडी खालून गेली. आम्ही वरून पाहिली.

नुगझार पेला उचलून बोलत राहिला,
मग भाकरीच्या तुकड्यावर दोन थेंब सांडले.
"काय म्हणतोय?"
"गेलेल्यांसाठी असावं."
मला जॉर्जियन येत नाही, अंदाज होता.
ताईने थोडा वेळ भाकरीकडे पाहिलं,
मग आपल्या पेल्यात बोट बुडवलं
आणि तिनेही दोन थेंब सोडले.
भाऊजी ताकसुद्धा गाळून प्यायचे.

अंधार पडला. पुण्याचा चंद्रोदय
ताईकडे मिनिटासकट होता, इथला कुणाकडेच नव्हता,
आणि पूर्वेला कॉकेशस आडवा.
दोन बायका आकाशात काय शोधतायत
म्हणून सगळं घर अंगणात आलं.
म्हातारीला खुर्ची आणली.
कुणी विमान दाखवलं, कुणी चांदणी.

साडेनऊनंतर कधीतरी आला,
एका बाजूने चेपलेला, बर्फाच्या कडेवर.
ताईने पाण्याचं अर्घ्य दिलं.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.
मग ती राजमा, भाकरी, अक्रोडाची माळ असं जेवली
की त्सियाला दोनदा आत जाऊन आली.

पेला? हो, तोही घेतला. अर्धा.
"आंबट आहे," म्हणाली आणि उरलेला संपवला.

रात्री, एकाच रजईखाली,
अंधारात तिचा हात आला.
"ती वही इकडे दे.
उद्याची गाडी मी बघते."